आत्याशिवाय एक तास बावन्न मिनिटं

२ फेब्रुवारी, सोमवार
मालिका गेली. म्हणजे आहे, पण मालिका म्हणून गेली. सहा भाग, आठ महिन्यांचं माझं संकलन. नोएडाला येताना मेट्रो न्यू अशोक नगरला थांबलेली आणि कपिलचा फोन. दिग्दर्शक माणूस, पण वाईट बातमी द्यायची असली की आधी खोकतो. खोकला.
"रूथ, सीरीज़ नहीं चाहिए उन्हें. फिल्म चाहिए. दो घंटे से नीचे."
"और बाकी के ढाई घंटे?"
"वो तू देख ले."
वा. वो तू देख ले.
स्टुडिओत पोचून ओटीटी प्लॅटफॉर्मवाल्यांची मेल वाचली. विषय आवडला, हीरो आवडला, करोल बाग आवडलं. मधले भाग रेंगाळतात, म्हणून आहे त्यातून एक फिल्म करा. मधले म्हणजे तीन आणि चार. तीन आणि चारमध्ये कोण आहे हे मला मेल न वाचताही सांगता आलं असतं. मार्थाआत्या आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
डोकं जागेवर यावं म्हणून गोष्ट एकदा लिहून काढते. विवेक, वय चोवीस, करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी. एक दिवस दुकानात जुन्या मालात एक साइड मिरर येतो. त्यावरचा ओरखडा त्याने स्वतः पाडलेला असतो, कारण गाडी त्याच्या मोठ्या भावाची. भाऊ तीन आठवड्यांपूर्वी त्याच गाडीतून चंदीगडला गेला, तो परतलेला नाही. मग शोध. विवेक राहतो गच्चीवरच्या खोलीत, आणि पहिल्या मजल्यावर घरमालकीणबाई. चौथ्या भागात पोलीस विवेकवर संशय घेतात तेव्हा ही बाई त्यांच्याशी धडधडीत खोटं बोलते की पोरगा रात्रभर घरीच होता.
घरमालकीण म्हणजे आत्या. वय एकाहत्तर, मंत्रालयातून निवृत्त स्टेनो, दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या नाटकांत चाळीस वर्षं कामं केलेली, आणि नाताळात चर्चच्या नाटकात दरवर्षी बाळ येशूला बघायला येणाऱ्या तीन ज्ञानी लोकांपैकी एक (दाढी लावून). ही भूमिका मी तिला मिळवून दिलेली नाही, हे लिहून ठेवलेलं बरं. कपिल तिचं घर चित्रीकरणासाठी बघायला गेला होता. तिने चहा दिला आणि वर 'चपला बाहेर' म्हणून सुनावलं. खाली उतरताना कपिल म्हणाला, यही चाहिए.
बाकी सगळं मात्र मी केलंय. ते उद्या लिहीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार
काल लिहिलं नाही. आजही ते लिहीत नाही, आधी काम.
सहाही भाग आज एकामागून एक लावून बघितले. फार विचित्र अनुभव. प्रत्येक भागाच्या शेवटी आम्ही एक खुंटी ठोकलेली आहे, प्रेक्षकाने पुढच्या भागापर्यंत तिथे लटकून राहावं म्हणून. फोन वाजतो. दार उघडतं. कुणीतरी मान वळवतं. सलग बघितलं तर हा मुलगा सहा वेळा दचकतो आणि पाच वेळा कारण फुसकं निघतं. त्या वेळी एकेक खुंटी ठोकताना मला काय धन्य वाटलं होतं.
शिवाय आरशाची गोष्ट तो चार जणांना चार वेळा सांगतो. मालिकेत ते लागतं. माणूस मध्येच उठून भाजी टाकतो, दोन दिवसांनी परत येतो, त्याला आठवण करून द्यावी लागते. सिनेमाच्या प्रेक्षकाला विसरायला वेळच नसतो. दुसऱ्यांदा सांगितलं की तो म्हणतो, कळलं रे बाबा.
खुंट्या आणि आठवणी काढल्या. साडेचार तासांचे तीन तास चाळीस झाले. अजून पावणेदोन तास जायला हवेत.
कपिलने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'भाई कहाँ है?' या प्रश्नाचं जे उत्तर नाही ते काढायचं. चार दिवसांपूर्वीपर्यंत हाच माणूस सांगत होता की सीरीज़ में मोहल्ला ही हीरो है.

७ फेब्रुवारी, शनिवार
आत्याकडे, करोल बाग. खिडकीतल्या उन्हात मटार सोलत बसली होती. मी जाऊन बसले तर अर्धे माझ्यापुढे सरकवले, विचारणं वगैरे नाही.
"कधी येणार गं?"
"येईल. अजून काम चाललंय."
"सगळ्या विचारतात."
विचारणारच. जानेवारीत मंडळाची बस पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला गेली तेव्हा पानिपतपर्यंत हिने अख्ख्या बसला गोष्ट सांगितली होती. मी मागच्या सीटवर. आत्याला फक्त तिच्या प्रवेशांची पानं दिली होती, पूर्ण कथा तिने वाचलेलीच नाही. त्यामुळे तिच्या तोंडून ऐकलेली गोष्ट अशी: एक एकटी बाई असते, आयुष्यात कधी खोटं बोललेली नसते, तिच्याकडे एक भाडेकरू येतो, तो जेवतो की नाही याची तिला काळजी लागते, आणि एक दिवस त्याच्यासाठी ती खोटं बोलते. पुढे काय होतं, असं बसमधल्या बायकांनी विचारलं. आत्या म्हणाली, "मला सांगितलेलं नाही." त्यावर सगळी बस हळहळली. भावाचा, आरशाचा उल्लेखच नाही!
तेव्हा मी खूप हसले होते. आज मटार सोलताना वाटलं, तिचं चूक काय होतं?
सांगितलं नाही. सांगायलाच गेले होते.

९ फेब्रुवारी, सोमवार
लिहूनच टाकते.
आज भाग तीन उघडला. आत्याच्या स्वयंपाकघरातला प्रवेश. विवेक भाडं द्यायला येतो, ती कुकरची रिंग शोधत असते, त्याला विचारते 'खाना खाया?', तो हो म्हणतो, तरी ती त्याला बसवून वाढते, मग तो जातो. पटकथेत दीड पान. म्हणजे फार तर दीड मिनिट.
माझ्या संकलनात तो चार मिनिटं दहा सेकंद आहे.
रिंग शोधते. सापडत नाही. चष्मा पुसते. परत शोधते. तो गेल्यावर दाराकडे बघत उभी राहते. हे सगळं कपिलने चित्रित केलं होतं खरं, पण 'कट' म्हणायला तो नेहमी उशीर करतो, तो उरलेला माल वापरायचा असतो असं नाही. मी वापरला. सगळीकडे. नऊच्या नऊ प्रवेशांत कुठे दोन सेकंद, कुठे बारा. कपिल तेव्हा एका जाहिरातीत अडकलेला, त्याने बघून म्हटलं, अच्छा है, ठहराव है. ठहराव!
ते स्वयंपाकघर माझं आहे. एकवीस वर्षांची असताना नगरहून दिल्लीला शिकायला आले आणि त्या ओट्याशेजारी दोन वर्षं जेवले. आत्या त्यात वावरताना दिसली की मला कापवत नव्हतं. त्यामुळे मधले भाग रेंगाळले, त्यामुळे मालिका गेली, आणि मालिका गेल्यामुळे आता आत्या जाणार. म्हणजे मीच तिला लाडाने बाहेर काढलं. की मालिका तशीही गेली असती? कपिलला हे कळलंय का? कळलं असेल तर बोलत का नाही? आणि नसेल कळलं तर मी सांगू का?

१० फेब्रुवारी, मंगळवार
जेवताना घरात विषय काढला. नवऱ्याचं, निखिलचं म्हणणं, तुझं काम आहे, तुझी आत्या आहे, मला दोन्हीकडून मार खायचा नाही. आयटीवाले असेच. लेक इरा अकरा वर्षांची, सगळं दीडपट वेगाने बघते, 'मागच्या भागात' आलं की पुढे ढकलते.
तिला विचारलं, "सिनेमा आणि मालिका, फरक काय गं?"
"मूवीमध्ये ना, सगळे बिझी असतात. सीरीज़मध्ये लोक राहतात."
"राहतात म्हणजे?"
"म्हणजे राहतात यार, मम्मा. घरी असतात."
कपिलच्या फळ्यापेक्षा हे मला जास्त पटलं. पण याचं मी करू काय?

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आत्याला ठेवून एक फिल्म बांधून बघितली. नऊपैकी पाच प्रवेश ठेवले, जादाचे सेकंद काढले. दोन तास सात.
चाळीस मिनिटं पळते. मग विवेक आत्याकडे येतो आणि फिल्म पाटावर मांडी घालून बसते. परत उठवायला दहा मिनिटं लागतात. तोच प्रवेश तिसऱ्या भागात इतका बरा का वाटायचा? मी आज हेच बघत बसले. मालिकेत ती पहिल्या भागात जिन्यावर दिसलेली असते, दुसऱ्यात खिडकीत. तिसऱ्यापर्यंत ती ओळखीची झालेली असते, मग तिने रिंग शोधली तरी आपण थांबतो, शेजारणीकडे थांबतो तसे. सिनेमात आपण घाईत आलेलो असतो. खुर्चीवर कुणी बसलेलं दिसलं की लगेच विचारतो, ही कोण, हिचा भावाशी काय संबंध? संबंध नाही. ती नुसती तिथे असते.
कपिलने बघितली. फळ्याकडे बोट केलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
झालं. पोलिसांपुढचं खोटं आता बंटी बोलतो.
बंटी म्हणजे विवेकचा दुकानातला मित्र. त्याचा एक न वापरलेला शॉट होता, नुसता दाराला टेकून मान हलवतोय. त्यावर कपिलने आवाज टाकून घेतला, 'साहब, ये तो रात भर मेरे साथ था.' पोलिसाचा चेहरा जुनाच, आत्याचं बोलणं ऐकतानाचा. छान बसलं. आता ती कुठेच लागत नाही. नऊचे नऊ प्रवेश उचलले.
एक तास बावन्न.
आणि चालते. शपथेवर लिहिते, चालते. कुठे अडत नाही. शेवटी विवेकला भावाचा पत्ता लागतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, मी स्वतः कापलेली फिल्म, शंभर वेळा बघितलेली, तरी. कपिलने माझ्या डोक्यावर थाप मारली. "ये हुई ना बात."
जिना उतरताना इतकी लाज वाटली. इतकं सोपं असायला नको होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आजूबाजूच्या ऑफिसांतल्या सहा जणांना फिल्म दाखवली. कुणालाही मूळ मालिका माहीत नाही. सगळ्यांना आवडली. मग शेजारच्या कंपनीतल्या हिशेबनीस बाईंनी विचारलं, "वो लड़का बार-बार ऊपर क्यों देखता है?"
 घरी येताना विवेक गल्लीतून वर खिडकीकडे बघायचा, आत्या आहे का बघायला. चार ठिकाणी. खिडकी काढली, आत्या काढली, बघणं तसंच राहिलं. चूक माझी, सरळ सरळ.
मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, "भगवान को देखता है ना. हर बार मुसीबत में." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीला तर तिथे रडू आलं होतं म्हणे.
कपिल खूश. "छूना मत उसको. सबसे अच्छी चीज़ है फिल्म की."
म्हणजे आत्या गेली आणि तिच्या जागी देव आला, आणि देव जास्त चालला. हे तिला सांगितलं तर पोट धरून हसेल. पण ते सांगायच्या आधी दुसरं सांगावं लागेल.

१८ फेब्रुवारी, बुधवार
राखेचा बुधवार. संध्याकाळी आत्याबरोबर चर्चला. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन दोघी पायऱ्यांवर उभ्या. या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, तिने चहा सोडलाय. दरवर्षी गोड सोडते, यंदा चहा, म्हणजे चाळीस दिवस सगळ्यांनी तिच्यापासून लांब राहायचं.
म्हणाली, मंडळाने हॉलमध्ये पडदा लावायचं ठरवलंय. पहिला भाग सगळ्यांनी मिळून बघायचा. कुलकर्णीबाई बटाटेवडे करणार आहेत.
"आत्या, थोडे बदल होतायत."
"कसले? पुढचं मागे, मागचं पुढे?"
"तसंच काहीसं."
"करा बाई. मला माझी वाक्यं पाठ आहेत, तुम्ही कुठेही लावा."
तसंच काहीसं! चर्चच्या पायरीवर, कपाळावर राख. मी एरवी इतकी भित्री नाही. की आहे?

२१ फेब्रुवारी, शनिवार
आज एक उद्योग केला. आत्याचे नऊ प्रवेश नुसते एकामागून एक जोडले. बाकी काही नाही. भाऊ नाही, आरसा नाही. एकतीस मिनिटं.
तिने बसमध्ये सांगितली तीच गोष्ट निघाली, अगदी तशीच. त्यात विवेक नुसता येतो-जातो, का येतो ते कळत नाही, आणि फरकही पडत नाही. बघता बघता मला वाटलं, सिनेमा हाच आहे, आम्ही उगाच त्याच्याभोवती साडेचार तास बांधत बसलो. मग दुसऱ्यांदा बघितलं तर वाटलं, छे, एक म्हातारी घरात फिरतेय. तिसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही.
खरा घोळ वेगळाच आहे. ती चांगलं काम करते का, हे मला सांगता येत नाही. बाकी कुणाचंही सांगते, एका शॉटमध्ये सांगते, वीस वर्षं तेच करतेय. तिचं नाही. ती चष्मा पुसते तेव्हा ती अभिनय करत असते की चष्मा पुसत असते?
ध्वनीचं काम बघणारे हरविंदरजी याच महिन्यात आलेत, साठीचे आहेत, आत्याला ओळखत नाहीत. त्यांना ती एकतीस मिनिटं दाखवली. नातं सांगितलं नाही.
"कैसी लगीं?"
दाढी कुरवाळली. "असली हैं जी. एक्टिंग तो कर ही नहीं रहीं."
"ये अच्छा है या बुरा?"
"वो आप देखो. मैं तो आवाज़ वाला हूँ."
झालं. सगळेच मला बघायला सांगतात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
कपिलला सांगून टाकलं, जादाच्या सेकंदांचं. मला वाटलं होतं ओरडेल.
"पता है," म्हणाला. "मैंने पास किया था. मुझे भी अच्छा लगा था." मग खोकला. "सुन. शुक्रवार पाँच बजे फाइल देनी है. एक सौ उन्नीस मिनट तक जा सकते हैं. सात मिनट हैं तेरे पास. चाहे तो आंटी के तीन सीन डाल दे, खिड़की, किचन और पुलिस वाला. मैं उनसे लड़ लूँगा."
मी उठून उभी राहिले, इतका आनंद झाला.
"पर एक शर्त है. तू मुझे बोल कि फिल्म उनके साथ बेहतर है. ये मत बोल कि बुआ हैं."
परत खाली बसले.
बरं असतं तो नाही म्हणाला असता तर.

२५ फेब्रुवारी, बुधवार
आत्या स्वतःच आली. करोल बागेहून थेट मेट्रो, हातात डबा, अंगावर नेव्ही ब्लू स्वेटर. "तू येत नाहीस, फोनवर तुटक बोलतेस, मला कळत नाही का?" दुपारचे दोन. कपिल नव्हता.
मी एक तास बावन्नवाली फिल्म लावली. भेकडपणाच तो. माझ्याऐवजी पडद्याने सांगावं.
ती अगदी सरळ बसून बघत होती, डिक्टेशन घेताना बसायची तशी. अर्ध्या तासानंतर तिला कळलं असणार. हलली नाही. पोलिसाच्या प्रवेशात बंटी बोलला तेव्हा तिचे ओठ हलले, तिचं वाक्य ती मनात बोलली. मी तिकडे बघणं बंद केलं.
संपल्यावर पदराने नाही, रुमालाने चष्मा पुसला.
"चांगलाय. भाऊ सापडतो होय! मला वाटलं नव्हतं."
"हं."
"पण मुलगा राहतो कुठे? दिवसभर नुसता धावतोय. जेवत पण नाही कुठे."
मग मात्र मी सगळं ओकले. मालिका गेल्यापासूनचं. तिचे शॉट मी लांबवले, त्यामुळे मधले भाग रेंगाळले, कुकरच्या रिंगेची चार मिनिटं, सगळं. रडत होते, नाक वाहत होतं, आणि हरविंदरजी दारातून डोकावून परत गेले.
ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी वाईट केलं म्हणून नाही ना काढलं?"
मी 'नाही' म्हणायला हवं होतं. लगेच. एक अक्षर जास्त नाही, एक क्षण जास्त नाही. ते खरंही आहे, तसं म्हणून नाही काढलं. पण तिने जे विचारलं ते मला नीट ऐकू आलं. तिने विचारलं होतं, मी बरं केलं का. आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले.
मग म्हटलं, नाही गं आत्या. म्हटलं मी. नंतर.
तिने डबा माझ्याकडे सरकवला. "मेथीची भाजी आहे. डबा घासून ठेव, नाहीतर वास राहतो."
नोएडा सेक्टर सोळा मेट्रोच्या फाटकापर्यंत पोचवायला गेले. कार्ड लावून आत गेली. मागे वळून हात केला, नेहमीसारखा. नेहमीसारखाच होता. मला वाटतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी तिचा फोन. मंडळात तिने सांगून टाकलं की गोष्ट बदलली. कुलकर्णीबाईंनी विचारलं, मग वडे? आत्या म्हणाली, वडे करा, गाण्याचा कार्यक्रम ठेवू.
मग मी तिला सात मिनिटांचं सांगितलं. तीन प्रवेश, खिडकी, स्वयंपाकघर, पोलीस. अजून ठरलेलं नाही, ठरवायचं मला आहे.
 मग एकदम तिचा मंत्रालयातला आवाज.
"मी आहे म्हणून ठेवू नकोस."
"बरं."
"आणि मी आहे म्हणून काढूही नकोस."
"मग काय करू?"
"ते तू बघ."
फोन ठेवला तिने. इतका राग आला मला. तिचा नाही. बहुतेक तिचाच.
तीन प्रवेश घालून फिल्म बांधली. एक तास एकोणसाठ. बंटीचं खोटं काढलं, आत्याचं खोटं परत बसवलं. विवेक वर बघतो तिथे आता खिडकीत ती दिसते, त्यामुळे देव गेला. हिशेबनीस बाईंना परत बोलावून दाखवली. म्हणाल्या, अच्छी है, पर पहली वाली में वो ऊपर देखना... निखिलला दाखवली, तो म्हणाला ही जास्त आवडली, मग लगेच म्हणाला, पण मी आत्यांना ओळखतो ना. इराला दुसरी जास्त लांब वाटली आणि जास्त आवडली. हे दोन्ही एकत्र कसं असू शकतं? तिला काही अडचण नव्हती त्यात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
दोन्ही फाइली तयार आहेत, शेजारी शेजारी. कपिल बाहेर फोनवर. त्याने सकाळपासून विचारलेलं नाही, हे त्याचं मोठेपण.
तीन वाजता दुसरी फिल्म शेवटची बघायला बसले. ठरवलं होतं, ही बाई कोण, मला माहीत नाही. मी हिला कधी भेटलेली नाही. मी नागपूरची एक प्रेक्षक आहे, सोफ्यावर बसले आहे, मला भाऊ कुठे आहे ते हवंय. पहिला अर्धा तास जमलं. खिडकीतही जमलं. एक म्हातारी बाई, बस.
मग स्वयंपाकघर. आता तो प्रवेश दीड मिनिटाचाच आहे. रिंग नाही, चष्मा नाही, दाराकडे बघणं नाही. जे काही माझं होतं ते सगळं काढून टाकलंय. विवेक दारात येतो. ती त्याच्याकडे बघतही नाही, पायाने स्टूल पुढे ढकलते आणि म्हणते, "बैठ. गरम है."
आणि मला भूक लागली. सपाटून. दुपारी पोटभर जेवलेली असताना.
फिल्म थांबवली. हे तिने केलं की मी? नागपूरच्या बाईला भूक लागली असती का? परत मागे घेऊन बघितलं. परत लागली. हरविंदरजींना बोलावून बघायला सांगावं म्हणून उठले, मग वाटलं, त्यांनी अजून चहाही घेतलेला नाही, त्यांना भूक लागली तरी त्यावरून काय कळणार?
पाचला दहा कमी आहेत. कपिल आत आलाय, माझ्या खुर्चीमागे उभा आहे. आज खोकला नाही.
"कौन सी?" म्हणाला.